नऊ वर्षं नॉर्मल

सकाळचे दहा वाजून सतरा मिनिटं झाली होती आणि शिट्टी त्या दिवसाची चौऱ्याऐंशीवी गोणी फोडत होती. धुण्याच्या पावडरीच्या कारखान्यात तिसऱ्या लाइनच्या डोक्यावर लोखंडी जाळीचा एक माचा आहे, जमिनीपासून साडेसहा फूट उंच. त्यावर उभं राहायचं आणि समोर तोंड वासून बसलेल्या पत्र्याच्या मोठ्या नरसाळ्यात, म्हणजे हॉपरमध्ये, पंचवीस किलोच्या गोण्या रिकाम्या करायच्या, हे तिचं काम. गोणी काठावर टेकवायची, सुरीने शिवण कापायची आणि भार एकदम न सोडता मनगटावर तोलत हळूहळू ओतायचा. एकदम सोडली की खालून पांढरा लोट उसळतो आणि पुढची पाच मिनिटं समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसेनासं होतं. शिट्टीच्या हाताला वळण होतं. तिच्या पाळीत घड्याळ दिसायचं.

दर सहा गोण्यांमागे एक छोटी पिशवी ओतावी लागे. आठ किलोची, निळ्या पट्ट्याची. तिच्यात डाग काढणारे बारीक दाणे असत. ऑफिसच्या कागदावर त्या दाण्यांचं नाव एका ओळीत मावत नव्हतं. बायका त्याला 'खाऊ' म्हणायच्या, कारण ते डाग खातात असं कुणीतरी कधीतरी समजावून सांगितलं होतं. खाऊ ओतताना शिट्टी श्वास धरून ठेवायची आणि मनात अकरापर्यंत मोजायची. अकराला पिशवी रिकामी होई. तोंडावर कागदी मास्क असायचा, पण तासाभरात तो घामाने भिजून गालाला चिकटायचा, आणि मग तो असला काय नि नसला काय.

नाव अर्थातच तिचं शिट्टी नव्हतं. सहा वर्षांपूर्वी एकदा ती जेवणाच्या सुट्टीत माच्यावरून उतरून आली आणि बाकावर बसली. श्वास सोडताना तिच्या छातीतून बारीक, लांबट आवाज आला. लाइनच्या दुसऱ्या टोकाला पाकिटं सील करणाऱ्या काकूने डब्यातून मान वर न काढता म्हटलं, "आली का गाडी? शिट्टी ऐकू आली." सगळ्या हसल्या, तीही हसली. दुसऱ्या दिवसापासून सुपरवायझरसुद्धा त्याच नावाने हाका मारू लागला. म्हणजे तिच्या छातीची गोष्ट सगळ्या कारखान्याला ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त कागदाला.

याला कारण होतं कारखान्याची एक रीत. वर्षातून एकदा, ठरलेल्या आठवड्यात, सिस्टरच्या खोलीत प्रत्येकीची फुंकणी व्हायची. फुंकणी म्हणजे नाकाला चिमटा लावून एका जाड नळीत जीव खाऊन फुंकायचं. मशीन आलेख काढतं आणि खाली टक्के छापतं. शिट्टी कामाला लागण्याच्या आदल्या वर्षी दोघी जणी त्यात नापास झाल्या होत्या. त्यांच्या हातात 'अयोग्य' असा कागद देऊन त्यांना घरी पाठवलं गेलं. तेव्हापासून फुंकणीच्या सकाळी कपडे बदलण्याच्या खोलीत, शेवटच्या कपाटाआड, काकू आपला निळा पंप घेऊन उभी राहायची. त्यातलं औषध आकसलेल्या श्वासनळ्या तेवढ्यापुरत्या मोकळ्या करतं, चार तास छाती उघडी राहते. "गॅस भरला का?" असं एकमेकींना विचारत एकेक जण दोन दोन झुरके ओढून यायची. ज्यांना काहीही झालेलं नव्हतं त्याही ओढायच्या. शिट्टीने पहिल्या वर्षी ओढला तेव्हा तिची छाती ठणठणीत होती. सगळ्या ओढतात, आपणच कशाला मागे राहा, एवढाच हिशेब. या औषधाने थोडा वेळ हात थरथरतात. एका पाळीच्या चौदा बायका रांगेत उभ्या राहायच्या आणि चौदाही जणींचे हात कापत असायचे. "सगळ्यांना एकदमच थंडी वाजतेय वाटतं," असं सिस्टर एका वर्षी म्हणाल्या होत्या आणि पुढचं नाव पुकारलं होतं.

शिट्टीच्या फायलीत असे नऊ आलेख होते. नऊही नॉर्मल.

त्या दिवशी दहा सतराला माच्याखाली येऊन उभे राहिले ते लेबलवाले काका. मशीनच्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं. त्यांनी दोन बोटं वर केली, मग मागे वळून आपल्या काचेच्या दाराकडे अंगठा दाखवला. म्हणजे दोन वाजता, पाळी सुटल्यावर, गोदामात ये.

लेबलांचं गोदाम ही कारखान्यातली सगळ्यात स्वच्छ जागा. दाराला रबराची पट्टी, खिडकी कायमची बंद, उंबऱ्याशी ओलं फडकं. ही बडदास्त माणसासाठी नव्हती. लेबलांच्या मागच्या डिंकाला धूळ चालत नाही, म्हणून होती. आत मांडण्यांवर लेबलांची रिळं, एक टेबल, एक खुर्ची, एक नोंदवही आणि काका. काका पुढच्या महिनाअखेरीला निवृत्त होणार होते.

"बस," ते म्हणाले.

"उभी आहे तीच बरी."

"अगं बस की. खुर्ची चावत नाही. मला बसवून घेतलं तिने सतरा वर्षं, कधी कुरकुर केली नाही."

ती बसली. त्यांनी मांडण्या दाखवल्या: डावीकडे मोठ्या पाकिटांची, उजवीकडे छोट्यांची, वर परदेशी जाणाऱ्या मालाची. एकदा सांगितलेलं तिने उलट क्रमाने म्हणून दाखवलं. काकांनी मान डोलावली. "काम काय, चार दिवसांत येईल. जागा मिळणं कठीण. अर्ज कर. ती नोटीस वाचलीस ना?"

नोटीस वर्षभरापूर्वीची होती. कारखाना नव्या मालकांकडे गेला तेव्हा लागलेली. श्वसनाच्या तपासणीत ज्या कामगाराला दोष आढळेल त्याला, जागा असल्यास, धुळीपासून दूरच्या कामावर प्राधान्याने घेतलं जाईल. जुन्या दोघींची गत आठवून त्या नोटिशीवर कुणी विश्वास ठेवला नव्हता. शिट्टीनेही नाही. पण आता तिच्याकडे विश्वास ठेवण्याचं एक कारण होतं.

सात आठवड्यांपूर्वी सर्दीचं निमित्त होऊन तिला श्वास पुरेनासा झाला होता आणि नवऱ्याने तिला ओढतच घराजवळच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या डॉक्टरबाईंनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, "सुट्टीच्या दिवशी कसं असतं?"

"सुट्टीला बरी असते. आराम मिळतो ना."

"आणि चार दिवस सलग सुट्टी असली तर?"

"तर अगदीच बरी."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "दमा आहे. सौम्य आहे. घाबरण्यासारखं आज तरी काही नाही." त्यांनी दोन पंप टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "हा निळा तुम्ही ओळखता, दिसतंय. हा अडकलेलं दार ढकलून उघडतो, बस. हा तपकिरी दार फुगूच देत नाही. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, बरं वाटलं तरी. ओढून झाला की चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं. आणि ही नळी घ्या, हिच्यात रोज फुंकून आकडा लिहून ठेवा."

शिट्टी उठली तेव्हा त्या म्हणाल्या, "एक मात्र खरं सांगते. एका बाजूने औषध आणि दुसऱ्या बाजूने रोज आठ तास ती पावडर, ही झटापट कायम चालत नाही. आज सौम्य आहे. सौम्य आहे तोवर तिथून निघा."

तेव्हा निघायचं कुठे, हा प्रश्न होता. आता उत्तर रबराची पट्टी लावलेल्या काचेच्या दारामागे होतं.

घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. तपकिरी पंप लागू पडला होता. सांगितल्याप्रमाणे ती सकाळ-संध्याकाळ ओढत होती आणि चुळा भरत होती. घरी सकाळच्या गडबडीत फुंकायचं राहून जाऊ नये म्हणून नळी तिने कारखान्यातल्या आपल्या कपाटात ठेवली होती. पाळीवर चढण्याआधी रोज एकदा फुंकायची आणि आकडा वहीत लिहायची. पहिल्या दिवशी तीनशे दहा. तिसऱ्या आठवड्यात तीनशे पंचावन्न. सातव्यात तीनशे नव्वद. घराचे चार मजले ती आता न थांबता चढत होती. पंधरा वर्षांची मुलगी पुस्तकातून डोकं वर काढून एका रात्री म्हणाली होती, "बाबा, ऐकलंत का? आईचा कुकर बंद पडला." झोपेतल्या त्या आवाजाला घरात कुकर म्हणत.

फुंकणी एकोणीस दिवसांवर होती. शिट्टीने काकूला जेवताना सगळं सांगितलं: अर्ज केलाय, यंदा गॅस भरणार नाही, खरं काय ते मशीनला दिसू दे.

काकूने घास गिळला. "काय दिसणार मशीनला?"

"दमा."

"कुठला दमा? हल्ली तू जिने चढताना गाणं म्हणतेस. औषधाने छाती केली लख्ख. निळा ओढ नाहीतर नको ओढू, तू पासच होणार."

 हे शिट्टीच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"आणि पास झालीस," काकू म्हणाली, "की चढ माच्यावर."

"मग काय करू?"

"तपकिरी बंद कर. दोन आठवडे. नापास व्हायला अभ्यास करावा लागत नाही बाई, पण चालू असलेला अभ्यास थांबवावा लागतो."

संध्याकाळी तिने हे नवऱ्याच्या कानावर घातलं. तो बस डेपोत टायर बदलायचं काम करी. घरी आल्यावर अर्धा तास हातांवरचा काळा थर काढत मोरीत बसे. त्याने तिथूनच विचारलं, "औषध लागू पडलंय आणि तू ते सोडणार? डोकं ठिकाणावर आहे का?"

"डोकं आहे. छातीही ठिकाणावर आलीये, तोच घोळ झालाय."

"डॉक्टरबाईंना विचार."

"त्या नाहीच म्हणणार."

"मग मला कशाला विचारतेस?"

"अहो, विचारत नाहीये. सांगतेय."

त्याने नळ बंद केला. हात पुसत म्हणाला, "टायर फुटेल तेव्हा बदलू, असं मी कधी कुणाला म्हटलं नाही." पण त्यानंतर तो या विषयावर बोलला नाही. ती जागा तिला मिळावी असं त्यालाही वाटत होतं, आणि ते तिला दिसत होतं.

सोळा दिवस आधी तिने तपकिरी पंप घरातल्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला. आकडे लिहिणं मात्र तिने थांबवलं नाही. लिहा म्हटलं होतं, म्हणून ती लिहीत राहिली. चौथ्या दिवशी तीनशे ऐंशी. एवढाच उतरला, म्हणून तिला जरा काळजीच वाटली. आठव्या दिवशी तीनशे चाळीस. अकराव्या दिवशी तीनशे पाच. त्या संध्याकाळी ती दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभी राहिली आणि वरून उतरणाऱ्या शेजारणीला, किल्ली शोधतेय, असं म्हणाली. चौदाव्या दिवशी दोनशे ऐंशी. खाऊची पिशवी ओतताना आता सातच्या पुढे मोजता येत नव्हतं. रात्री ती उशीला टेकून बसून झोपे आणि मुलगी आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेई. निळा पंप ती अगदीच नाइलाज झाला तर ओढायची आणि ओढताना तिला चोरी केल्यासारखं वाटायचं.

फुंकणीच्या सकाळी कपाटाआडचा पंप हातोहात फिरत तिच्यापर्यंत आला. तिने तो पुसला आणि पुढचीला दिला. सिस्टरच्या खोलीत तिने चिमटा लावला, नळी धरली. सिस्टर यादीवर खूण करत होत्या. त्यांची नजर तिच्या हातांवर गेली. हात अगदी स्थिर होते.

"आज गॅस नाही भरला?" सिस्टरनी विचारलं.

त्यांना हा शब्द ठाऊक आहे, हे शिट्टीला तेव्हा कळलं. तिने नकारार्थी मान हलवली आणि फुंकलं. तीनदा. तिसऱ्यांदा खोकल्याने तिचे डोळे भरून आले. मशीनने सहासष्ट टक्के छापले. सिस्टरनी नियमाप्रमाणे तिला निळ्या औषधाचे चार झुरके दिले, पंधरा मिनिटं बाकावर बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. एकोणनव्वद.

"दमा असला की असंच येतं," सिस्टर म्हणाल्या. "मी तसं लिहितेय."

"लिहा," शिट्टी म्हणाली. शाळेत असताना तिचा कधी पहिला नंबर आला नव्हता. तो येतो तेव्हा कसं वाटत असेल याची तिला त्या दिवशी थोडी कल्पना आली. घरी जाऊन तिने तपकिरी पंप खाली काढला, दोन झुरके घेतले, चूळ भरली.

अकरा दिवसांनी तिला ऑफिसात बोलावणं आलं. टेबलामागे कामगार अधिकारी होते, बाजूला मंगळवारी येणारे कारखान्याचे डॉक्टर, आणि दाराशी फायली धरून सिस्टर. डॉक्टर वयस्क होते, आवाज मऊ. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी विचारलं. मग फाइल उघडून एकेक आलेख टेबलावर मांडला, पत्ते मांडावेत तसा.

"हे पाहा. नऊ वर्षं नॉर्मल. मागच्या वर्षी तर अठ्ठ्याण्णव टक्के. इतकी वर्षं तुम्ही हॉपरवर आहात, तीच पावडर, तेवढेच तास, आणि फुप्फुसाला काही म्हणजे काही झालेलं नाही. मग आताच का व्हावं? घरात काही बदल? ओल आलीय? मांजर वगैरे पाळलंय?"

"नाही. दमा आधीपासून आहे, साहेब. पाच-सहा वर्षं."

"मग इथे का दिसत नाही?" त्यांनी आलेखांवर हात ठेवला. विचारण्यात खोच नव्हती. त्यांना खरोखरच समजून घ्यायचं होतं.

उत्तर तिच्या तोंडाशी आलं होतं. "साहेब, फुंकणीच्या आधी आम्ही..." ती म्हणाली, आणि तिला दारातल्या सिस्टर दिसल्या. सिस्टर जमिनीकडे बघत होत्या. हे वाक्य पुरं झालं तर फक्त तिचे नऊ आलेख खोटे ठरणार नव्हते. पाळीतल्या चौदा जणींचे सगळे आलेख ठरणार होते. काकूला निवृत्तीला चौदा महिने उरले होते आणि निळ्या पंपाशिवाय काकू त्या नळीत किती फुंकेल, हे तिला आणि सिस्टरना, दोघींनाही चांगलं माहीत होतं.

"आधी तुम्ही काय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"आम्ही घाबरतो," शिट्टी म्हणाली.

"त्यात घाबरायचं काय? आपल्याच भल्यासाठी असतं ते."

तिने पिशवीतून वही काढली. ही वही आपली बाजू मांडेल अशी तिची खात्री होती. एवढ्या दिवसांत एकही पाळी चुकली नव्हती, एकही आकडा खोडलेला नव्हता. डॉक्टरांनी चष्मा वर करून पहिल्या पानापासून वाचलं. बोट आकड्यांवरून सरकत गेलं.

"छान लिहिलंय," ते म्हणाले. "हे सात आठवडे तुम्ही हॉपरवरच होतात?"

"हो."

"आणि आकडा वाढतोय. तीनशे दहावरून तीनशे नव्वद. पावडरीत उभं राहून." बोट पुढे गेलं आणि थांबलं. "इथून घसरलाय. इथे काय झालं?"

खोटं बोलायला तिला क्षणभर वेळ होता. पण वहीच्या त्या पानावर, तारखेपुढे, तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: आजपासून तपकिरी बंद.

"औषध थांबवलं होतं."

"का?"

तिने मांडीवरच्या पिशवीचा बंद ओढून घेतला.

"सुट्टीच्या दिवसांचे आकडे दिसत नाहीत. ते असते तर कामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस ताडून पाहता आले असते."

"सुट्टीला नळी इथेच असते, साहेब. कपाटात."

डॉक्टरांनी वही मिटून दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवली. "मग मी काय लिहू, तुम्हीच सांगा. दमा आहे, सौम्य आहे. औषध घेतलं तर तुम्ही हॉपरवर व्यवस्थित आहात आणि औषध सोडलं तर नाही. हे मी म्हणत नाही, तुमची वही म्हणतेय. औषध घ्या. उत्तम औषध आहे ते."

लेबलांचं गोदाम एका फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला मिळालं. त्याची पाठ चार वर्षांपासून धरलेली होती आणि चार वर्षांचे एक्स-रेचे फोटो त्याच्या फायलीत लागलेले होते. माणूस प्रामाणिक, पाठ खरोखरच दुखरी. त्याच्यावर रागावण्याचीही सोय नव्हती. शिट्टीच्या फायलीत मात्र आता 'दमा' हा शब्द आला होता, आणि दमा असलेल्या कामगाराला हॉपरवर ठेवायचं तर त्याची दरमहा तपासणी हवी, असा नियम होता. ऐंशी टक्क्यांच्या वर आलं तर काम चालू. खाली आलं तर धुळीपासून दूरची जागा, जागा असल्यास. सध्या जागा नव्हती, म्हणजे खाली आलं तर जुन्या दोघींसारखं घरी.

त्या दिवशी ऑफिसातून माच्याकडे परत जाताना ती काकूपाशी थांबली तेव्हा काकूने सील मशीन मिनिटभर थांबवलं.

"बोलली नाहीस ना?"

"नाही."

"बरं केलंस." पाकिटांची थप्पी सारखी करत काकू म्हणाली, "बोलली असतीस तरी चाललं असतं म्हणा."

"नसतं चाललं."

"नसतं," काकू म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

याला आता सहा आठवडे झाले. शिट्टी तपकिरी पंप चुकवत नाही. नळी ती आता घरी नेते आणि सुट्टीच्या दिवशीही फुंकते. आकडा वर आला, पण तीनशे पंचेचाळीसला येऊन थांबला, आणि तीन आठवडे तिथून हललेला नाही. मागच्या गुरुवारी तिने डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं, सोळा दिवसांचंही. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी जास्त ताकदीचा पंप लिहून दिला आणि कार्डावर 'सौम्य' होतं त्यावर एक रेघ ओढून पुढे 'मध्यम' असं लिहिलं.

"पुन्हा तीनशे नव्वदवर जाईल ना?" तिने विचारलं.

"पावडर बंद झाली तर जाईल, असं मला वाटतं."

"आणि नाही झाली तर?"

डॉक्टरबाईंनी पुढच्या तारखेची चिठ्ठी फाडून दिली. नवरा बाहेर बाकावर बसला होता. त्याने कार्ड हातात घेऊन वाचलं आणि खिशात ठेवलं. दोघं चालत घरी गेले. जिन्याशी तो मुद्दाम मागे राहिला आणि प्रत्येक मजल्यावर चपलेचा पट्टा नीट करत बसला, म्हणजे तिला थांबल्यासारखं वाटू नये.

लेबलवाले काका निवृत्त झाले त्या दिवशी माच्याखाली येऊन गेले होते. तिने वरूनच हात केला. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. तोंड हललं, पण आवाज वर पोचला नाही, आणि तिच्या हातात उघडी गोणी होती. गोदामाच्या दाराची रबराची पट्टी आता निघालीय. नव्या माणसाला वाकून उंबऱ्याशी फडकं ठेवता येत नाही, म्हणून तो दार उघडंच ठेवतो.

उद्या महिन्यातला पहिला सोमवार. पाळी नेहमीप्रमाणे सहाला सुरू होईल आणि सिस्टरच्या खोलीतल्या यादीत तिच्या नावापुढे सात दहा अशी वेळ आहे. निळ्या पंपाचा पुरता असर व्हायला वीस मिनिटं लागतात. म्हणून सहा पन्नासला ती माच्यावरून खाली उतरेल, आणि काकू तिच्या जागी पंचवीस मिनिटं हॉपरवर उभी राहील.